लेकराची सोयरीक

उदगीरजवळच्या हाळी हंडरगुळीच्या बाजारात देवणी बैल घ्यायला निघालेला माणूस कधी एकटा जात नाही. बरोबर मेहुणा असतो, एक जाणता म्हातारा असतो आणि बैलातलं काहीच कळत नसलेला, पण चहा पाजणारा एक मित्र असतो. बैलाचा जबडा उघडून दात पाहिले जातात, खांद्यावरून हात फिरवून जू कुठं घासलंय ते चाचपलं जातं. चालवून, वळवून, बसवून, उठवून झालं की मालकाला ‘मारका न्हाई ना?’ असं विचारलं जातं, आणि मालकाच्या उत्तरावर काडीचा विश्वास नसल्यामुळं त्याच्याच गावचा माणूस बाजारात हुडकून त्यालाही तेच विचारलं जातं. नांदेड जिल्ह्यात माळेगावला खंडोबाच्या यात्रेत घोडा घेणाऱ्याची तऱ्हा काही निराळी नसते. सोयरिकीत तर ही चौकशी दुपटीनं होते. मुलीचा बाप मुलाच्या गावी ‘सहज आलतो’ म्हणून उतरतो, आधी पानटपरीवर, मग कटिंगच्या दुकानात, मग रेशनच्या ओट्यावर बसतो. संध्याकाळच्या एसटीनं परत निघताना मुलाचं व्यसन, बापाचं कर्ज, चुलत्याची कोर्टकेस आणि सातबाऱ्यावरच्या व वहिवाटीतल्या जमिनीतला फरक, असं सगळं त्याच्या खिशात असतं. हाच माणूस, किंवा अमेरिकेत गेलेला त्याचा भाऊ, दत्तक घ्यायचं मनात आणतो, कागदांची यादी हातात पडते, आणि तो कपाळाला हात लावून म्हणतो, ‘लेकरूच घ्यायचंय की वो, इतकं काय विचारायलेत?’ माझं म्हणणं असं की बैलाचे दात पाहणाऱ्यानं होम स्टडीला, म्हणजे दत्तक घेणाऱ्याच्या घरी येऊन होणाऱ्या चौकशीला, नावं ठेवू नयेत. देशाची वेस ओलांडून जाणाऱ्या लेकराचे कागद हा सरकारी छळ वाटत असला तरी ती सोयरीकच आहे. फरक एवढाच, की इथं ज्याची सोयरीक व्हायची त्याला पानटपरीवर जाऊन चौकशी करता येत नाही.

आता यादीत असतं काय? संस्थेतलं लेकरू दत्तक घ्यायचं तर बाल न्याय कायदा, २०१५ आणि त्याखालचे २०२२ चे दत्तक नियम लागू होतात. कारभार दिल्लीच्या केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाकडे, म्हणजे ‘कारा’कडे असतो. ऑनलाइन नोंदणी, पॅन कार्ड, उत्पन्नाचा दाखला, राहत्या घराचा पुरावा, लग्नाचा दाखला, डॉक्टरचं प्रमाणपत्र, ओळखीच्या दोघांची शिफारसपत्रं आणि कुटुंबाचा फोटो. नीटच्या वर्गात पोराला घालताना लातुरातले पालक यापेक्षा जास्त झेरॉक्स काढतात आणि वर दोन सेट ‘असू द्यावेत’ म्हणून पिशवीत ठेवतात. पुढं अटी. जोडप्याचा संसार किमान दोन वर्षं स्थिर असावा. ही अट वाचून घाबरायचं कारण नाही, आपल्याकडं रोज भांडणारं जोडपंही पन्नास वर्षं स्थिरच असतं. एकट्या बाईला मुलगा-मुलगी कोणीही दत्तक घेता येतं, एकट्या पुरुषाला मुलगी घेता येत नाही. लेकरू आणि आई-बाप यांच्या वयात किमान २५ वर्षांचं अंतर लागतं. आणि सगळ्यांत गमतीची अट बेरजेची: दोन वर्षांच्या आतलं बाळ हवं असेल तर नवरा-बायकोच्या वयाची बेरीज ८५ च्या वर जाऊ नये, दोन ते चार वर्षांसाठी ९०, चार ते आठसाठी १००, त्यापुढं ११०. पत्रिकेत छत्तीस गुण जुळवणाऱ्यांना ही बेरीज जड जाऊ नये. अडचण आहे ती बेरजेच्या आकड्यांची. मराठवाड्यात एका अख्ख्या पिढीचा वाढदिवस सामुदायिकरीत्या १ जूनला येतो. पोराचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला टेकला की गुरुजी त्याला सहा वर्षांचं ठरवत आणि १ जून टाकून मोकळे होत. अशा दोन कानांच्या भरवशावरची बेरीज ८५ च्या अलीकडे येते की पलीकडे, यावर एखाद्या लेकराचं घर ठरतं. गुरुजींना याची कल्पना असती तर त्यांनी कान जरा जपून मोजले असते.

लेकरू परदेशी जाणार असेल तर या यादीवर आणखी एक यादी चढते, आणि ‘इतकं काय विचारायलेत’ हा उद्गार खरा तिथं येतो. ही दुसरी यादी आकाशातून पडलेली नाही. परदेशी दत्तकाच्या नावाखाली लेकरांचा बाजार मांडला जातोय, असं पत्र लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाला लिहिलं. न्यायालयानं पत्रालाच याचिका मानलं आणि १९८४ साली न्यायमूर्ती भगवतींनी दिलेल्या निकालात परदेशी दत्तकाची पहिली पक्की चौकट बसली. पुढं २९ मे १९९३ रोजी हेगला आंतरराष्ट्रीय करार झाला आणि भारत त्यात २००३ साली सामील झाला. त्या कराराची कलमं कुणी लातूरच्या मोंढ्यात बसून वाचली तर ती ओळखीची वाटतील. चौथं कलम म्हणजे ‘मुलीकडच्यां’ची जबाबदारी: लेकरू खरोखर दत्तकासाठी मोकळं आहे का, देशातल्या देशात घर शोधून पाहिलं का, आईनं संमती पैशांपायी तर दिली नाही ना, आणि ती बाळ जन्मायच्या आधीच तर घेतलेली नाही ना. पाचवं कलम म्हणजे ‘मुलाकडच्यां’ची हमी: हे आई-बाप लायक आहेत, त्यांना नीट समजावून सांगितलंय, आणि लेकरू आमच्या देशात येऊन कायमचं राहील. सतराव्या कलमात दोन्हीकडची वडीलधारी मंडळी ‘हो’ म्हणतात. ही झाली सुपारी फुटणं. मग जिल्हाधिकाऱ्याचा आदेश म्हणजे अक्षता. पूर्वी हे काम न्यायालयाकडं होतं, १ सप्टेंबर २०२२ पासून ते जिल्हाधिकाऱ्याकडं आलं. त्यानंतर येतो लेकरू सासरी कसं आहे याचा अहवाल: परदेशात पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी. आपल्याकडं पंचमीला भाऊ मुराळी म्हणून जायचा. बहिणीला आणणं हे निमित्त असे. ओसरीवर टेकून, पाणी पिता पिता तो बहिणीच्या हाताकडं, आवाजाकडं आणि अंगावरच्या लुगड्याकडं बघून घ्यायचा, आणि घरी येऊन आईला एकाच वाक्यात सगळं सांगायचा. कराराला भाऊ नाही, म्हणून त्यानं फॉर्म पाठवला. वेळेच्या बाबतीत मात्र सोयरिकीपेक्षा हा व्यवहार कितीतरी शिस्तीचा. ‘घरी जाऊन कळवतो’ म्हणून गेलेले पाहुणे दोन-दोन महिने कळवत नाहीत. इथं लेकराची माहिती दाखवल्यावर देशातल्या जोडप्याला हो-नाही करायला ४८ तास असतात आणि परदेशातल्याला ९६. उलट ज्या आईनं लेकरू संस्थेच्या हवाली केलं, तिला निर्णय फिरवायला ६० दिवस. घेणाऱ्याला घाई आणि देणारीला सवड, हा हिशेब ज्यानं बसवला त्याला सोयरिकीतलं बरंच कळत असावं.

इथं पहिला आक्षेप येतो, आणि तो नात्यातून येतो. ‘परक्याचं ठीक आहे, पण आमचंच लेकरू आमच्याच माणसाकडं जायलंय, त्याला कसली चौकशी?’ समजा लातुरातल्या घरी तिसरं अपत्य झालंय आणि न्यू जर्सीतल्या भावाचा पाळणा रिकामा आहे. मराठवाड्याच्या रीतीनं विषय एका रात्रीत, बैठकीतल्या सतरंजीवर मिटतो. कायदा विचारतो, नातं काय? बाल न्याय कायद्यात दत्तकापुरते नातेवाईक म्हणजे काका-काकू, आत्या, मामा-मामी, मावशी आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा. संपलं. आपल्याकडं मात्र ‘काका’ हा शब्द बापाच्या सख्ख्या भावापासून सुरू होऊन चुलत, मावस, आते, गावकीतला, भावकीतला अशी वळणं घेत शेवटी कंडक्टरपर्यंत पोचतो. बापाचा मावसभाऊ गावात सख्ख्यापेक्षा जवळचा असेल, पण कायद्याच्या दृष्टीनं त्याच्यात आणि कंडक्टरमध्ये फरक नाही. यावर नाराज होण्याआधी एक विचार करावा. सख्खे म्हणवणाऱ्यांमध्ये बांधावरून किती खटले चालतात, याची आकडेवारी कुठल्याही तालुका कोर्टात शिपाईसुद्धा तोंडी सांगेल. नात्यावर इतका विश्वास असता तर बांध फुटभर सरकला नसता. सख्खा काका असला तरी कायदा परदेशात त्याच्या घरी माणूस पाठवून अहवाल मागतो, इकडं जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडून लेकराच्या घरचा अहवाल मागतो, आणि दोन्ही अहवाल दिल्लीत भेटतात. बेरजेच्या वयाची अट मात्र नात्यातल्या दत्तकाला सोडून दिलेली आहे. १ जूनवाल्यांना तेवढाच दिलासा.

दुसरा आक्षेप इतिहासातून येतो. ‘आमच्याकडं पिढ्यान्‌पिढ्या दत्तकं झाली, मांडीवर बसवलं, नाव ठेवलं, संपलं. कोणता करार होता तेव्हा?’ दाखले भरपूर आहेत. नाशिककडच्या कवळाण्याचा गोपाळ १८७५ साली बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला आणि सयाजीराव झाला. कागलच्या घाटग्यांचा यशवंत १८८४ साली कोल्हापूरला गेला आणि शाहू झाला. पुण्यात जोतिराव फुल्यांनी एका ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत पोटच्यासारखा वाढवला, त्यासाठी त्यांनी कुणाच्याही भावकीची बैठक बोलावली नव्हती. खुद्द आपल्याकडं तर वेस ओलांडणारं दत्तक ही रोजची गोष्ट असू शकली असती, कारण १९४८ पर्यंत लातूर-नांदेड निजामाच्या राज्यात आणि १९४७ पर्यंत सोलापूर इंग्रजांच्या. नाणं वेगळं, हाली सिक्का. हद्दीवर करोडगिरीचा नाका, तिथं मालाची जकात द्यावी लागे. बार्शीच्या चुलत्यानं औशाचा पुतण्या मांडीवर घेतला तर तो एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाई, आणि नाक्यावरचा शिपाई पेटाऱ्यात कापड आहे का तेवढं बघून लेकराला बिनजकात सोडून देई. सगळं खरं. पण ज्या दत्तकाला हरकत घ्यायला कोणी बसलेलं नसतं, त्याला कागद लागत नाही हे सांगण्यात नवल काय? हरकत घेणारा बसला की काय होतं ते झाशीनं पाहिलं. १८५३ च्या नोव्हेंबरात गंगाधररावांनी मरणाच्या आदल्या दिवशी, ब्रिटिश अधिकाऱ्याच्या समक्ष, रीतसर मुलगा दत्तक घेतला. कागद होता, साक्षीदार होता, धर्मशास्त्र होतं. डलहौसीनं ते दत्तक मानलं नाही आणि पुढच्या वर्षी झाशी गेली. साताऱ्याचं तेच १८४८ साली झालं होतं. आता चतुर वाचक म्हणेल, ‘बगा, कागद असूनही उपयोग झाला न्हाई.’ बरोबर आहे, आणि म्हणूनच हेग कराराचं तेविसावं कलम आहे: ज्या दत्तकाला एका देशानं कराराप्रमाणं झाल्याचं प्रमाणपत्र दिलं, ते बाकीच्या सगळ्या सदस्य देशांना आपोआप मान्य. पलीकडच्यानं आधीच सही करून ठेवलेली असते. लक्ष्मीबाईंकडं कागद होता, डलहौसीची सही नव्हती.

आणि कागदाच्या नावानं बोटं मोडायचा हक्क आख्ख्या महाराष्ट्रात कुणाला नसेल तर तो मराठवाड्याला नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये मराठा-कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि आपल्याकडच्या कचेऱ्यांतले धूळ खाणारे रुमाल सोडले गेले. मोडी वाचणारा कोण, उर्दू वाचणारा कोण, याची शोधाशोध झाली, आणि वर्षानुवर्षं कुणी विचारत नव्हतं त्या म्हाताऱ्यांना गाडी पाठवून आणलं गेलं. आरक्षणाच्या वादात इथं शिरायचं नाही, तो पेलणारे पुष्कळ आहेत. पण एवढं तर सगळ्यांनीच पाहिलं की पणजोबाच्या नावापुढं कुण्या तलाठ्यानं लिहिलेला, किंवा लिहायचा राहिलेला, एक शब्द चौथ्या पिढीच्या कॉलेजच्या प्रवेशापर्यंत येऊन पोचतो. हा पणजोबा तर गाव सोडून कुठं गेलाही नव्हता. मग ज्याचं गाव, नाव, भाषा आणि देश एका विमानात बसून बदलणार, त्याच्या कागदात किती शब्द लागतील? हेग कराराचं तिसावं कलम तेवढंच सांगतं, की लेकराच्या मुळाची माहिती जपून ठेवा. खासरा पत्रक जपलं असतं तर बरं झालं असतं असं ज्यांना आज वाटतं, त्यांना हे कलम समजावून सांगायची गरज पडू नये.

कागद नीट झाला नाही तर काय होतं, याचं उदाहरण आपल्या लोहमार्गावरच आहे. पूर्णा-अकोला-खांडवा ही जुनी मीटरगेज नांदेडकरांच्या ओळखीची होती. त्या खांडव्याचं पाच वर्षांचं एक पोर १९८६ साली बऱ्हाणपूरला गाडीत झोपलं आणि थेट कलकत्त्यात जागं झालं. पुढच्या वर्षी ते दत्तक म्हणून ऑस्ट्रेलियाच्या टास्मानियात गेलं. नाव शेरू, त्याला सांगता आलं ‘सरू’. वस्ती गणेश तलाई, त्याला आठवे ‘गिनेस्टले’. या नावाचं ठिकाण हिंदुस्थानच्या नकाशावर कुणालाच सापडेना, म्हणून ते बेवारस ठरलं. आई मात्र त्याच भागात जिवंत होती आणि वाट बघत राहिली होती. सरू ब्रायर्ली मोठा झाला, उपग्रहाच्या नकाशावर रात्र-रात्र रेल्वेचे रूळ धुंडाळत बसला, आणि २०१२ साली आईला भेटला. पुढं त्यावर पुस्तक आलं, सिनेमा आला. त्याला टास्मानियात मिळालेले आई-बाप चांगले होते. पण एका मराठी माणसानं एका उच्चाराच्या फरकावरून ‘अगं हे तर आपल्या खांडव्याकडचं’ असं ओळखलं असतं, तर पंचवीस वर्षं वाचली असती. सोयरीक जुळवणारा मध्यस्थ नेमका याच कामाचा असतो: गावाचं नाव चुकलं तरी आडनावावरून तो घर शोधून काढतो.

तिसरा आक्षेप मात्र मायेचा आहे आणि म्हणून जास्त अवघड. ‘गरिबाचं लेकरू परदेशात गेलं तर कल्याणच होईल की, आपण कशाला आडवं यायचं?’ लातूरला हा प्रश्न पुस्तकातला नाही. हेग करार झाला त्याच वर्षी, चार महिन्यांनी, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला जमीन हलली. गणपती विसर्जनाची रात्र होती, माणसं थकून झोपली होती. जवळपास दहा हजार माणसं गेली. त्यानंतर भारतीय जैन संघटनेच्या शांतिलाल मुथांनी भूकंपग्रस्त भागातली बाराशेच्या आसपास लेकरं शिक्षणासाठी पुण्याला नेली, नळदुर्गला पन्नालाल सुराणांच्या पुढाकारानं ‘आपलं घर’ उभं राहिलं. ही माणसं लेकरांना शिकवायला घेऊन गेली, त्यांची नावं बदलायला नाही. सुट्टीत लेकरू गावी येऊ शकत होतं, कारण आई-बाप गेले तरी चुलता उरतो, आजी उरते, शेताचा तुकडा उरतो. ढिगाऱ्याजवळ एकटं उभं असलेलं लेकरू अनाथच असतं असं नाही. कधी त्याचा बाप दुसऱ्या ढिगाऱ्याजवळ त्यालाच शोधत असतो. २०१० साली हैतीत भूकंप झाला तेव्हा अमेरिकेतून गेलेल्या एका गटानं ३३ लेकरं ‘अनाथ’ म्हणून सीमेपलीकडं न्यायचा प्रयत्न केला. पकडले गेल्यावर निघालं की त्यांतल्या बहुतेकांचे आई किंवा बाप जिवंत होते. मंडळी वाईट नव्हती म्हणतात, फक्त त्यांनी पानटपरीवर चौकशी केली नव्हती. दक्षिण कोरियानं काही दशकांत दोन लाखांच्या घरात लेकरं परदेशी धाडली, आणि जिवंत आई-बाप असलेल्या लेकरांना अनाथ दाखवणारे कागद तयार केले गेले होते, हे तिथल्या सत्यशोधन आयोगानं २०२५ साली मान्य केलं. चीननं २०२४ साली परदेशी दत्तकं जवळपास बंदच केली. अमेरिकेत दत्तक गेलेल्या काहींच्या आई-बापांनी नागरिकत्वाचा एक फॉर्म भरायचा ठेवला, आणि ती लेकरं चाळिशीची झाल्यावर, जन्मभाषेचा एक शब्दही येत नसताना, जन्मदेशी परत पाठवली गेली. एक फॉर्म. पंगतीत वाढप्यानं मीठ विसरावं तशी ती चूक, पण इथं पंगत आयुष्यभराची.

मायेचा आक्षेप आपल्याकडं अलीकडं मोबाइलवरून येतो. २०२१ च्या मे महिन्यात, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, ‘आई-बाप गेले, दोन वर्षांची मुलगी आणि दोन महिन्यांचा मुलगा, दत्तक हवे असल्यास या नंबरवर संपर्क साधा, पुढे पाठवा’ अशा धाटणीचे निरोप देशभर फिरले. पाठवणाऱ्याचे डोळे ओले असणार, शंका नाही. पण हाच गृहस्थ जुनी मोटारसायकल विकत घेताना ‘आरसी बुक दाखव’ म्हणतो. केंद्र सरकारला तेव्हा जाहीरपणे सांगावं लागलं की हे बेकायदा आहे. अशा लेकराची खबर १०९८ वर द्यायची असते किंवा बाल कल्याण समितीला. परस्पर देणं-घेणं केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखाचा दंड किंवा दोन्ही, आणि पैसा फिरला तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी. रुमालाखालचा सौदा बैलापुरताच ठेवावा, असं कायद्याचं एकंदर मत दिसतं.

चौथा आक्षेप खरा आहे आणि तो अर्धा मान्य केला पाहिजे. ‘चौकशी करा, पण किती दिवस?’ लहानगं टाकून दिलेलं सापडलं तर दोन महिन्यांत आणि दोन वर्षांवरचं असेल तर चार महिन्यांत त्याला दत्तकासाठी मोकळं जाहीर करावं, जिल्हाधिकाऱ्यानं दोन महिन्यांत आदेश द्यावा, असं कागदावर आहे. प्रत्यक्षात नोंदणी केलेल्या जोडप्याला लेकरू मिळायला तीन-साडेतीन वर्षं जातात. चौकशी आणि चालढकल या सख्ख्या बहिणी नाहीत, पण एकाच घरात नांदतात, हे कचेरी पाहिलेला कोणीही माणूस सांगेल. अतिवृष्टीचे पंचनामे, निवडणूक, मंत्र्यांचा दौरा यांच्या खाली एखादी पातळ फाइल दबून बसू शकते, आणि लेकराचं वय कुठल्याही फाइलखाली दबत नाही, ते वाढत राहतं. एवढं मान्य. पण रांग लांबते ती फक्त प्रश्नांमुळं, हे मान्य नाही. २०२४-२५ साली देशात ४,५१५ दत्तकं झाली, त्यातली ४,१५५ देशातल्या देशात. नोंदवून बसलेली कुटुंबं मात्र तीस हजारांवर. कारण सगळ्यांना हवं असतं ते तान्हं. बाजारात कोवळ्या वासराभोवती गर्दी आणि वय झालेल्या जनावराकडं कोणी बघत नाही, तसंच. आठ वर्षांची मुलगी, तिच्या बोटाला धरून पाच वर्षांचा भाऊ, हृदयाला छिद्र असलेलं पोर, कमी ऐकू येणारं पोर, ही संस्थेतच मोठी होतात, आणि त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना पासपोर्टवरच घर मिळतं. लातूर जिल्ह्यात हासेगावला रवी बापटल्यांनी ‘सेवालय’ काढून एचआयव्हीसह जगणारी लेकरं वाढवली. तिथं रांग लागल्याचं कुणी ऐकलेलं नाही. मग परदेशी लोक आपली पोरं नेतात म्हणून उसासा टाकताना, त्यांनी नेलेलं पोर आपण कोणत्या बाजारात पाठ फिरवून सोडलं होतं, तेवढं आठवावं.

उलट दिशेचं दत्तकही कायद्यात आहे, पण ते फार कोणी करत नाही. नांदेडच्या जोडप्याला दुसऱ्या देशातलं लेकरू आणायचं झालं तर त्या देशाचा कायदा पुरा करायचा, इथून ‘कारा’ची पाचव्या आणि सतराव्या कलमाची मंजुरी घ्यायची, आणि लेकरू परदेशी पासपोर्टवर भारताचा व्हिसा घेऊन उतरतं. देगलूरची पोरगी बिदरला दिली तरी ‘लई लांब गेली’ म्हणून डोळे पुसणाऱ्या आजीनं नैरोबीहून आलेल्या नातवाला कवेत घ्यायचं, आणि शेजारणीनं ‘कुणाचं गं हे?’ विचारल्यावर ‘आमचंच’ म्हणायचं. आजीला ते जमेल. शेजारणीचं सांगता येत नाही.

सगळ्या कागदांत मला आवडतो तो शेवटचा. लेकरू पाच वर्षांचं किंवा त्यापुढचं असेल तर त्याची स्वतःची संमती लागते. बडोद्याला निवडीसाठी तीन मुलं उभी केली तेव्हा ‘का आलास?’ या प्रश्नाला कवळाण्याच्या गोपाळनं ‘राज्य करायला’ असं उत्तर दिलं म्हणे, आणि काम एका मिनिटात उरकलं. लातुरातलं पाच वर्षांचं पोर इतकं सोयीचं उत्तर देईलच असं नाही. न्यू जर्सीच्या काकाकडं राहायला जातोस का, असं कुणी मांडीवर घेऊन विचारलं की ते आधी बिस्किटाकडं बघतं, मग छतावरच्या पंख्याकडं, आणि मग विचारतं, ‘आजी येणार हाय का?’ फॉर्मात रकाने दोनच, ‘होय’ आणि ‘नाही’. या प्रश्नाला तिसरा रकाना कुठं असावा, यावर दिल्लीतल्या मंडळींनी एकदा हाळीच्या बाजारातल्या त्या जाणत्या म्हाताऱ्याला बोलावून घ्यावं. चहा पाजणारा मित्र बरोबर येईलच.